मिठागरातला आवाज

१

कपाट उघडलं तेव्हा फितीच्या जागी मीठ पडलेलं होतं.

फार नाही, चिमूटभरच. पण पुडीतलं पांढरं मीठ नव्हे. जाडं, मातकट, ओलसर. वरदने बोटाला लावून जिभेवर ठेवलं आणि थुंकला. "काका, हे मीठच आहे हो," तो म्हणाला. जसं काही साखर निघाली असती तर फीत परत येणार होती!

वरदचं नेरूळला कॅसेटचं दुकान आहे. मी नंदकिशोर, विमा कचेरीतला कारकून, राहणार सानपाडा. दर शनिवार-रविवार त्याच्याकडे जाऊन बसतो. बायको म्हणते, घरातली कामं टाळायला. खरं कारण ती फीत होती.

१९७२ साली मुंबईत ‘मिठागर’ नावाचा तीन पोरांचा बँड होता. जगभर पोरं केस वाढवून, गिटारीचे सूर वेडेवाकडे ताणून, धुरात आणि रंगीत दिव्यांत गात होती. हे तिघं तेच मराठीत करायचे. जयसिंग गिटार वाजवायचा, गोटीराम ड्रम, आणि विश्वजित गायचा. गोटीरामच्या बापाचं करावे गावात मिठाचं गोदाम होतं, तिथे त्यांची तालीम चाले, म्हणून हे नाव. आमच्या कॉलेजच्या गणपतीत मी त्यांना एकदाच ऐकलं. निम्मा हॉल उठून गेला. मी उठलो नाही. शेवटी विश्वजित माईकपाशी येऊन म्हणाला, "हे गाणं ह्याच आठवड्यात झालंय, अजून कच्चं आहे." आणि त्याने ‘ओहोटी’ म्हटलं.

पाणी गेलं, पाणी गेलं, चिखल राही मागे,
चिखलामधले पाय कुणाचे, वाट कुणाची सांगे...

अंगावर काटा आला होता. त्याच वर्षी कोजागिरीला विश्वजित खाडीत बुडाला आणि बँडही बुडाला. पुढे चोवीस वर्षं मी भेटेल त्याला मिठागरबद्दल सांगायचो, आणि लोकांना वाटायचं, हा थापा मारतोय.

म्हणूनच दोन महिन्यांपूर्वी जयसिंगच्या अडगळीतून वरदला एक स्पूलची फीत मिळाली, तेव्हा मला देव भेटल्यासारखं झालं. डब्यावर लिहिलं होतं: ‘ओहोटी, सप्टेंबर १९७२’. म्हणजे विश्वजित जायच्या महिनाभर आधीची. एक कंपनी कॅसेट काढायला तयार झाली होती. आणि आता कपाटात मीठ.

"कुलूप नव्हतं?" मी विचारलं.

"ह्या कपाटाला कुठलं कुलूप! काल दिवसभर माणसांचा राबता होता. जयसिंगराव येऊन गेले, गोटीरामदादा आले, तुम्ही होतात. मी मधे चहा सांगायला बाहेर गेलो." त्याचा चेहरा पडला. "काका, मला कंपनीचं टेन्शन नाहीये. पुढच्या रविवारी विश्वजितची आई येणार आहे फीत ऐकायला. राहीबाई. कालच मी सगळ्यांसमोर सांगितलं. चोवीस वर्षं थांबलीये हो ती बाई. तिला काय तोंड दाखवू?"

पोलीस चौकीतल्या हवालदाराने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कॅसेटच्या दुकानातून एक फीत गेली? मग दुसरी लावा."

मी घरी जाऊन अरुणाला सगळं सांगितलं.

२

अरुणा माझी बायको. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. सगळं आयुष्य कानाला हेडफोन लावून गेलं, त्यामुळे एकदा ऐकलेला आवाज ती विसरत नाही. माझ्या मावसभावाने एकदा आवाज बदलून फोन केला, तर तिने ‘हॅलो’वरच पकडला. लग्नानंतर मी तिच्याशी खोटं बोललेलो नाही, पण त्यात सद्गुणाचा भाग कमीच आहे.

"आधी त्या आईला भेटू," ती म्हणाली.

राहीबाई कोपरखैरण्याला माथाडींच्या वसाहतीत राहायच्या. मूळच्या साताऱ्याकडच्या. नवरा हौसेराव मुंबईच्या दाणाबंदरात हमाल होता. बाजार खाडीच्या अलीकडे आला, तशी बिऱ्हाडंही अलीकडे आली. आता घरात त्या आणि त्यांची भाची पुतळा. भिंतीवर दोन फोटो होते. हौसेरावांच्या फोटोला चंदनाचा हार. शेजारी लांब केसांचा, हसरा विश्वजित. त्याला हार नव्हता.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अरुणाने माझ्या पायावर पाय दिला. पण राहीबाईंनी ओळखलं.

"त्येचं मढं घावलं न्हाय," त्या म्हणाल्या. "लोक म्हनत्यात, पळसाच्या पानाचा पुतळा करा आन् द्या अग्नी, घाला दहावं. म्या म्हनलं, गोटीराम सांगून गेलाय का इश्वाचा आवाज फितीत हाय. एक डाव ऐकू द्या. मंग धाडते त्येला. मुक्यानं कसा धाडू?"

फीत गेल्याचं सांगायची माझी हिंमत झाली नाही. पुतळाने पोह्यांच्या बशा आणल्या. राहीबाईंनी आपली बशी बाजूला सारली.

"दिवस कलला की म्या तोंडात काय घालत न्हाय," त्या म्हणाल्या. "इश्वा दर शनवारी खाडीपल्याड वाजवाया जायचा. तवा पूल न्हवता, होडीनं यावं लागायचं. किती का उशीर हुईना, म्या जेवायची थांबायची. त्या राती बी थांबले हुते. तवापासनं थांबलेलीच हाय, बाई."

मग अरुणाने हळूच विचारलं, "आवाज ओळखाल?"

"पोटच्या पोराचा आवाज वळखायला कान लागत न्हाईत."

जिना उतरताना अरुणा म्हणाली, "फीत का नेली ते कळल्यासारखं वाटतंय. कुणी नेली ते नाही." मी खूप विचारलं, पण आमच्याकडे रहस्य फोडायचा हक्क एकाच व्यक्तीला आहे.

३

एक गोष्ट चोराला माहीत नव्हती, आणि गडबडीत वरदच्या आणि माझ्याही लक्षात राहिली नव्हती. वरदने ‘ओहोटी’ची एक कॅसेट मला काढून दिली होती.

आम्ही दिवे न लावता ती ऐकली. विश्वजितचा आवाज जसाच्या तसा होता. उंच, कोरडा, ओळीच्या शेवटी किंचित फाटणारा. गाणं संपलं, गिटारीचा सूर लांबत विरत गेला. आणि त्या विरण्याच्या खाली आणखी काहीतरी होतं.

"थांबा," अरुणा म्हणाली. तिने मागे नेऊन आवाज वाढवला.

बायका. दोन किंवा तीन. दुरून, एका सुरात, लांबवून लांबवून.

"रडतायत," मी म्हटलं. "त्याच्या मरणाआधी महिनाभर बायका रडतायत!"

तेवढ्यात फोन वाजला आणि मी खुर्चीतून उडालोच. वरद होता. "काका, करावेत बोंब उठलीये. त्या जुन्या मिठाच्या गोदामातून दिवेलागणीला विश्वजित गातोय म्हणे. ‘ओहोटी’च. लोक तिकडे फिरकेनात."

दुसऱ्या दिवशी आम्ही जयसिंगला गाठलं. तो आता बिल्डर होता. पोट सुटलेलं, बोटांत अंगठ्या. टेबलावर नकाशा पसरलेला, आणि त्यावर करावेच्या त्याच गोदामाभोवती लाल गोल. भुताटकीची जागा स्वस्तात मिळते, मी मनात म्हटलं. चोर सापडला!

"भाऊ, तुमच्या डोक्यात काय चाललंय ते दिसतंय," तो हसला. "अरे, मला ती कॅसेट निघायला पायजे! कव्हरवर माझा फोटो आहे. गिटार घेतलेला, बारीक असतानाचा. मी कशाला चोरीन?"

"‘ओहोटी’ कुठे रेकॉर्ड केलंत?" अरुणाने विचारलं.

"गोट्याच्या गोदामात. त्याच्याच मशीनवर."

"कधी?"

"डब्यावर आहे ना. सप्टेंबर." हे बोलताना तो खिडकीबाहेर बघत होता.

"तेव्हा शेजारी कुणी रडत होतं?"

जयसिंगच्या हातातलं लायटर थांबलं. "रडत? छे. त्या दिवशी उलट..."

पुढचं वाक्य त्याने गिळलं, आणि लगेच त्याला कुठलीशी मीटिंग आठवली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! पण अरुणा मात्र ‘उलट’ हा एकच शब्द घेऊन बाहेर पडली.

४

गोटीराम करावेला खाडीच्या तोंडाशी राहायचा. आगरी माणूस, सडपातळ, केस पांढरे, बोलणं कमी. दारात जाळं सांधत बसला होता. आम्हाला बघून उठला, पाट दिले, चहा सांगितला.

"फीत गेली ती आयकली मी," तो म्हणाला. "वाईट झाला. राहीआईला आता काय सांगाचा?"

"अजून जाता त्यांच्याकडे?" अरुणाने विचारलं.

"दर दिवालीला जातो पाया पराला." एवढं म्हणून त्याने मान खाली घातली.

"रेकॉर्डिंगचं ते मशीन आहे अजून?"

"गंजला. फेकला कवाच."

"आणि गोदामात कोण गातं?"

त्याने खाडीकडे पाहिलं. ओहोटी लागली होती. दूर चिखलात एक होडी रुतायला आली होती आणि वरचा माणूस हात हलवत होता. गोटीराम उभा राहिला, तोंडाशी हात नेऊन त्याने हाळी दिली, "कोंडिबाऽऽ! पानी उतरला रंऽऽ!"

अरुणाच्या हातातला चहा हिंदकळून साडीवर सांडला. भाजलं असणार, पण तिला कळलंच नाही. ती गोटीरामकडे बघत होती, पांढरीफटक पडून.

गल्लीच्या टोकाला आल्यावर ती माझा दंड धरून म्हणाली, "तोच आवाज."

"कुणाचा?"

"फितीतला. शेवटाला फाटतो ना, तोच. चोवीस वर्षांनी जाड झालाय, पण तोच."

"म्हणजे विश्वजित बुडालाच नाही? हाच..."

"अहो, अख्खं गाव ह्याला जन्मल्यापासून ओळखतं! असं काय करता?" ती वैतागली.

५

परतीच्या वाटेवर मांडव लागला. हळद होती. पोरं नाचत होती, आणि आत नवरीच्या पाटाभोवती तीन म्हाताऱ्या बसून गात होत्या. ना ढोलकी, ना पेटी. एका सुरात, लांबवून लांबवून.

अरुणा जागच्या जागी थांबली.

"ऐका," ती म्हणाली.

मी ऐकलं. कॅसेटच्या शेवटी रडणाऱ्या त्याच बायका.

"रडत नव्हत्याच त्या," अरुणा म्हणाली. "लग्नाची गाणी म्हणत होत्या. म्हणूनच जयसिंग ‘उलट’ म्हणाला."

आगरी लग्नात धवले म्हणायला एक जाणती बाई लागते, तिला धवलारीण म्हणतात. गाणं थांबल्यावर अरुणा त्या म्हाताऱ्यांतल्या बाळाबाई नावाच्या धवलारणीजवळ जाऊन बसली. "आजी, हे धवले पावसाळ्यात, गणपतीत, नवरात्रात कधी म्हणता का हो?"

बाळाबाईने तिच्याकडे, ही कुठली अडाणी, अशा नजरेने पाहिलं. "देव निजलं असताना लगीन लागल का गो बाय? तुलशीचा लगीन झाल्याबिगर धवला तोंडातून निघत नाय."

आम्ही खाडीच्या बांधावर आलो. सूर्य टेकला होता.

"आता बघा," अरुणा म्हणाली. "‘ओहोटी’ गणपतीच्या आठवड्यात झालं. तुम्हीच ऐकलंत, विश्वजितच्या तोंडून. म्हणजे फीत त्यानंतरची."

"बरोबर."

"फितीत लग्न आहे. गणपतीनंतर पहिलं लग्न लागतं ते तुळशीचं लग्न झाल्यावर. म्हणजे डब्यावरचा सप्टेंबर खोटा. जयसिंगला तारीख बदलता आली, पण शेजारचा मांडव तो विसरला."

"बरं. मग?"

"विश्वजित कधी गेला?"

"कोजागिरीला," मी म्हटलं, आणि मग मला कळलं. कोजागिरी आधी येते. तुळशीचं लग्न नंतर.

"फीत भरली तेव्हा त्याला जाऊन महिना होत आला होता," अरुणा म्हणाली.

नेमक्या त्या क्षणी बांधाच्या टोकाच्या गोदामातून, बंद दारांआडून, तरुण कोरडा आवाज आला:

पाणी गेलं, पाणी गेलं, चिखल राही मागे...

६

मी सांगतो, माझे पाय सानपाड्याकडे वळले होते. अरुणाचे गोदामाकडे. लग्न केल्यावर माणसाने कुठे जायचं ते ठरलेलंच असतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत कुबट खारट वास. कोपऱ्यात जुन्या मिठाचा काळवंडलेला ढीग, आणि गोणपाटावर एक स्पूलचं मशीन फिरत होतं. समोर गोटीराम गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. गाणं संपलं, धवला विरला, तसा त्याने न बघता हात पुढे करून खट्‌कन मशीन बंद केलं.

"तुमच्या पिशवीतलं मीठ वरदच्या कपाटात सांडलं," अरुणा म्हणाली.

तो दचकला नाही. कुणीतरी येईल याची वाटच बघत असावा.

"दोन महिने वरद येईल त्याला ही फीत ऐकवत होता," अरुणा सांगू लागली. "तुम्हाला काही वाटलं नाही. राहीबाई येणार म्हटल्याबरोबर फीत गेली. म्हणजे चोराला भीती एकाच कानाची होती. पण विश्वजितची फीत त्याच्या आईपासून लपवायचं कारणच काय? हा आवाज विश्वजितचा नसेल, तरच. गोटीरामदादा, हे तुम्ही गायलात."

गोटीरामने मान वर केली.

"कोजागिरीला त्याला पलीकडं पोचवाला होडी मीच काढली. उधान होता. मी बोललो, आजची रात थांब. तो बोलला, आई जेवली नसंल. होडी उलटली. मी वाचलो." त्याने तोंडावरून हात फिरवला. "राहीआईला मी सांगितला, इश्वाचा आवाज हाय आमच्या फितीन, तुला आयकवीन. तवा ता खरा होता, बाय. ‘ओहोटी’च्या आधीच्या तालमीची फीत होती माझ्याकडं. इश्वाच गायलेला त्यान."

"मग ती कुठाय?"

"हीच ती." त्याने मशीनकडे बोट केलं. "रेकॉर्ड काढनारा मानूस बोलला, ‘ओहोटी’ पायजे, लवकर द्या. नवी फीत कुठं मिलना. जयसिंग बोलला, हाय त्याच्यावरच भर, तुला त्याची नक्कल येते. मना पन वाटला, बँडचा नाव होईल, इश्वाचा नाव होईल. भरला. रेकॉर्ड काय निघाला नाय. आनि इश्वा पुसून गेला." त्याचा आवाज ओळीच्या शेवटाला फाटला, अगदी गाण्यातल्यासारखा. "मी त्याला दोनदा बुडवला. एकदा पान्यान, एकदा ह्या फितीन."

"आणि रोज इथे लावून ऐकता?"

"आई फसंल का ता बघतो. नाय फसाची."

मला त्याची इतकी कीव आली की मी म्हटलं, "जाळून टाका ती. सांगू, उंदरांनी खाल्ली." अरुणाने माझ्याकडे रागाने पाहिलं.

"ती बाई चोवीस वर्षं उपाशी झोपतेय," ती म्हणाली. "तिच्या वतीने ठरवणारे तुम्ही कोण? रविवारी मशीन घेऊन दुकानात या."

७

कॅसेट पुढे निघाली, गायक म्हणून गोटीरामचं नाव घालून. पण ते नंतरचं. आधी तो रविवार.

राहीबाई उन्हं कलताना आल्या, पुतळाच्या आधाराने. नवं लुगडं नेसल्या होत्या. वरदने खुर्ची दिली, त्या मशीनशेजारी जमिनीवरच बसल्या. गोटीरामने फीत लावली. ती दोनदा खाचेतून निसटली.

पहिली ओळ झाली. राहीबाईंनी डोळे मिटले होते. दुसरी ओळ संपायच्या आत त्यांनी ते उघडले.

"ह्यो न्हाय," त्या म्हणाल्या.

गोटीराम त्यांच्या पायांवर कोसळला. गाणं चालू असतानाच त्याने हुंदके देत सगळं सांगितलं. होडी, तालमीची फीत, नक्कल, सगळं. आणि मशीन बंद करायला हात पुढे केला. राहीबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तू बी त्येच्याच होडीत हुतास न्हवं? एवढी वरसं दिवाळीला येत ऱ्हायलास, आन् ह्ये एकट्यानं वागवलंस व्हय रं? तुजं बी ऐकू दे मला."

त्यांनी मनगट सोडलंच नाही. गाणं संपलं. मागचा धवला विरला. इथे गोटीराम नेहमी मशीन बंद करायचा. वरदही कॅसेट काढताना इथेच थांबला होता. ह्या वेळी कुणाचा हात मोकळा नव्हता, कुणाचं लक्षही नव्हतं. फीत नुसती खरखरत फिरत राहिली.

आणि मग त्या खरखरीतून, अगदी जवळून, कुणीतरी हसलं.

"बंद कर रे गोट्या," एक तरुण आवाज म्हणाला. "बास झालं आता. आई जेवायची थांबली असेल."

फीत संपली. तिचं सुटं टोक चाकाबरोबर फटफटत राहिलं.

अरुणाने माझा हात घट्ट धरला. नवं गाणं जुन्या तालमीपेक्षा लहान होतं, एवढंच. जेवढी फीत उरली, तेवढा विश्वजित त्यावर राहिला होता. गोटीरामने शेवटपर्यंत कधी ऐकलंच नव्हतं. तो तोंडावर हात दाबून बसला होता.

"परत लावू, आजी?" वरदने कसंबसं विचारलं.

"नगं," राहीबाई म्हणाल्या. "ऐकलं."

त्यांनी मशीनवर हात ठेवला आणि पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा फिरवला. त्या रडत नव्हत्या, आम्ही बाकीचे रडत होतो. मग त्या पुतळाकडे वळल्या.

"पुतळे, तुज्यासाटनं भाकरी बांधून आणलीयास न्हवं? काढ. आन् जाताना त्या फुलवाल्याकडनं एक हार घ्यायचा हाय, त्याची याद दे."

बाहेर दिवे लागले होते. पुतळाने फडकं सोडलं. राहीबाईंनी भाकरी मोडली, अर्धी गोटीरामच्या हातावर ठेवली, आणि उरलेली अर्धी, आमच्या सगळ्यांसमोर, सावकाश चावत खाल्ली.